कापूस पिकाचे दूरसंवेदन

उपग्रह किंवा ड्रोनवरील संवेदकांनी टिपलेल्या परावर्तित प्रकाशावरून कपाशीचे क्षेत्र, वाढ व ताण ओळखण्याची पद्धत. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते, तर निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. एनडीव्हीआय हा निर्देशांक याच फरकावर आधारलेला आहे. यूरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमांचे विभेदन १० मी.पर्यंत असते. मात्र विदर्भातील कोरडवाहू कपाशी ऐन पावसाळ्यात वाढते आणि ढग आड येतात. अशा वेळी ढगांतून पार जाणाऱ्या सेंटिनेल-१च्या रडार लहरी मोलाच्या ठरतात. तुरीचे आंतरपीक असलेल्या लहान शेतांत दोन्ही पिकांचे संकेत मिसळतात. बोंडात दडलेली गुलाबी बोंडअळी तर उपग्रहाला दिसतच नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावावे लागतात आणि हिरवी बोंडे फोडूनच पाहावी लागतात.