पाऱ्याची साक्ष

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेतांचे व माळरानाचे गाव होते. पुढे तेथे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि काचेच्या इमारतींनी व डांबरी रस्त्यांनी ती भूमी व्यापून टाकली. पूर्वीपेक्षा उकाडा वाढला, असे अशा ठिकाणी सहज बोलले जाते. परंतु मनुष्याची स्मृती म्हणजे काही उष्णतामापक नव्हे. याचा निर्णय व्हावयाचा तो रोजच्या नोंदींवरून. आणि हिंजवडीच्या जवळ दीर्घ काळच्या अशा नोंदी सापडतात त्या पुण्याच्या वेधशाळेत.

हिंदुस्थानचे हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले. त्याची मुख्य कचेरी १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आली व १९४४ मध्ये दिल्लीस गेली. तथापि देशभरच्या जुन्या नोंदींचे भांडार पुण्यासच राहिले. या नोंदवह्यांत दररोजचे कमाल व किमान उष्णतामान लिहिलेले असते. मात्र एका दिवसाच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे. ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात पारा ४३.३ अंशांवर चढला होता. २०१९ च्या एप्रिलअखेर तो ४३ अंशांच्या आसपास जाऊन थांबला. एवढ्यावरून हवा निवळली असे कोणी म्हटले, तर ते हास्यास्पद ठरेल. हवामान म्हणजे एक दिवस नव्हे. ती अनेक वर्षांची सरासरी होय.

पण त्या सरासरीवर तरी विश्वास का ठेवावा? ही शंका रास्त आहे. आरंभीच्या काळी उष्णतामापक गवताने शाकारलेल्या उघड्या छपराखाली ठेवीत. पुढे स्टीव्हन्सन यांची पांढरी, झडपांची लाकडी पेटी आली. जागा, उंची व वाचनाची वेळ यांपैकी काहीही बदलले की आकडाही बदलतो. उंचीचे महत्त्व तर पुण्यातच दिसून आले. वारा पडलेल्या निरभ्र रात्री सर्वांत थंड थर जमिनीला चिकटून नसतो, तर तिच्यापासून वीतभर-हातभर वर असतो, असे एल. ए. रामदास यांनी १९३२ च्या सुमारास दाखवून दिले.

या चुका दोन जातींच्या असतात. वाचणाऱ्याच्या हातून कधी दशांशभर अधिक, कधी उणे लिहिले जाते. हजारो नोंदींच्या सरासरीत हा दोष बहुतांशी फिटतो. पण पेटीशेजारी भिंत उभी राहिली, तर आकडे एकाच दिशेने सरकतात. तो दोष सरासरीने जात नाही. त्यासाठी केंद्राचा इतिहास तपासावा लागतो व शेजारच्या केंद्रांशी ताळा करावा लागतो. तसेच नुसते उष्णतामान न घेता प्रत्येक केंद्राचे त्याच्या स्वतःच्या सरासरीपासूनचे अंतर मोजतात. त्यामुळे महाबळेश्वर आणि नागपूर यांचीही तुलना करता येते.

याच मार्गाने इंग्लंडच्या गाय कॅलेंडर यांनी १९३८ साली जगातील १४७ केंद्रांच्या नोंदी जुळवून पृथ्वी तापत असल्याचे दाखविले. पुण्यातील उष्णदेशीय हवामान संस्थेच्या हिंगणे, रूपकुमार व रमणमूर्ती यांनी १९८५ साली ७३ केंद्रांच्या १९०१ ते १९८२ पर्यंतच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शतकास सुमारे ०.४ अंश वाढ आढळली. ही केवळ शहरांची ऊब नसेल कशावरून? दगड-सिमेंट दिवसाची उष्णता साठवून रात्री सोडते. म्हणून शहराचा परिणाम मुख्यतः किमान उष्णतामानावर दिसतो. परंतु १९९४ साली त्याच संस्थेच्या संशोधनात असे आढळले की भारतातील तोपर्यंतची वाढ जवळजवळ सर्वस्वी दिवसाच्या कमाल उष्णतामानात होती. शहरांवर सारा दोष टाकणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे बोलके आहे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी उष्णतामान सुमारे ०.७ अंशांनी वाढल्याचा निष्कर्ष २०२० साली सरकारी अहवालात प्रसिद्ध झाला.

तेव्हा हिंजवडीच्या उकाड्यात दोन हिस्से असावयाचे: एक डांबर-सिमेंटचा, दुसरा साऱ्या पृथ्वीचा. पहिल्यावर झाडे, पाणी व मोकळी जमीन हा उपाय गावाच्या हाती आहे. दुसरा गावाच्या वेशीपलीकडचा आहे. कोणता हिस्सा किती, हे सांगू शकेल ती केवळ प्रामाणिकपणे राखलेली नोंदवही. एकटा पारा कच्चा साक्षीदार खरा. पण शेकडो ठिकाणचे पारे, उलटतपासणी होऊनही, शतकभर एकच जबानी देतात, तेव्हा ती नाकारण्यास सबळ कारण उरत नाही.