बदली न झालेला राजा

बबिन्याला पोस्टिंग आली की सगळे एकच सांगतात, रणगाडे, धूळ आणि ऊन. मे महिन्यात फायरिंग रेंजवर उभं राहिलं की ते पटतंही. पण तासाभराच्या अंतरावर बेतवा आहे आणि बेतवेकाठी ओरछा आहे, हे कुणी सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात नाशिकहून आई-बाबा आले, तेव्हा एका रविवारी त्यांना घेऊन तिथं गेलो. बाबांचं बालपण गोदेच्या घाटावर गेलेलं. कुठल्याही गावात पोचले की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "नदी कुठाय?"

ओरछ्यात हा प्रश्न विचारावा लागत नाही. गाव एवढंसं आहे. चौकात उभं राहिलं तर एका बाजूला देवळाचं शिखर, दुसऱ्या बाजूला किल्ला, आणि सरळ चालत गेलं की कांचन घाट. घाटावर बुंदेला राजांच्या छत्र्या आहेत, प्रत्येक दोन-तीन मजली. पल्याड जायला एक अरुंद, बुटका पूल आहे. त्याला कठडा नाही. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो म्हणून कठडा नसलेलाच बरा, हे मी आईला समजावलं. तिनं तरीही नातीचा हात सोडला नाही. पुलापलीकडे बेतवा आणि जामनी यांच्या मधल्या जमिनीवर अभयारण्य आहे. नदीत तराफ्यातून खडकांमधून जाता येतं. संध्याकाळी किल्ल्यात ध्वनिप्रकाशाचा खेळ असतो. आणि छत्र्यांच्या माथ्यावर गिधाडं बसलेली असतात. आपल्याकडे ती जवळजवळ दिसेनाशी झाली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात गेलं आणि ती मेली. २००६ मध्ये त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. इथं मात्र राजांच्या समाध्यांवर त्यांची घरटी आहेत.

आता थोडा इतिहास. १५३१ मध्ये रुद्रप्रताप बुंदेल्यानं गढकुंडारहून आपली राजधानी इथं आणायची ठरवली. त्याच वर्षी, वाघाच्या तावडीतून गाय सोडवताना तो मेला असं सांगतात. जागा मात्र त्यानं सैनिकाच्या डोळ्यानं निवडली होती. किल्ला नदीतल्या बेटावर आहे, भोवती जंगल, आत जायला एकच पूल. पुढे वीरसिंहदेवानं १६०२ मध्ये शहजादा सलीमच्या सांगण्यावरून अबुल फजलला ठार केलं. १६०५ मध्ये सलीम जहांगीर होऊन तख्तावर बसला आणि वीरसिंहदेवाला ओरछ्याची गादी मिळाली. जहांगीर महाल त्याच दोस्तीची खूण. दतियाचा महाल आणि झाशीचा किल्लाही याच वीरसिंहाचे. पण दोस्ती दोन माणसांची होती, दोन घराण्यांची नव्हे. वीरसिंहाचा मुलगा जुझारसिंह शाहजहानविरुद्ध उठला आणि १६३५ मध्ये मोगल फौज ओरछ्यात शिरली. त्या मोहिमेचा नावापुरता सेनापती होता सोळा-सतरा वर्षांचा औरंगजेब.

इथवर बाबा मजेत ऐकत होते. मग आमच्या वाटाड्यानं सहज एक वाक्य टाकलं, "फिर मराठे आए, और बस्ती झाँसी चली गई।"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला हा भाग सांगावाच लागला. १७४२ च्या सुमारास राणोजी शिंद्यांचे चिरंजीव ज्योतिबा आणि मल्हार कृष्ण हे मराठी सरदार ओरछेकरांच्या हातून दग्यानं मारले गेले. पेशव्यांकडून त्याचा जाब विचारायला आले नारोशंकर. त्यांनी ओरछ्याचा मुलूख कापून घेतला, झाशीचा सुभा उभा केला, वीरसिंहाच्या किल्ल्याला नवी बाजू जोडली. ती आजही शंकरगढ म्हणून ओळखली जाते. आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शहर वसवण्यासाठी ओरछ्याची माणसं तिकडे नेली.

"म्हणजे आपले नारोशंकर?" बाबांनी विचारलं.

आपलेच. नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको. गोदाघाटावर नारोशंकराचं देऊळ आहे, त्यावर वसईच्या विजयातून आलेली मोठी घंटा आहे. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं आणि घंटेपासून किती खाली आहे, याच्या गप्पांवर आमच्या पिढ्या वाढल्या. ते देऊळ १७४७ चं. म्हणजे गोदेकाठी दगडावर दगड चढत होता, तेव्हा बांधणारे राजेबहाद्दर इथं झाशीचे सुभेदार होते, आणि बेतवेकाठचं एक गाव ओस पडत होतं.

खडकवासल्याला लष्करी इतिहास शिकताना आम्ही मोहिमेचा नकाशा फळ्यावर काढायचो. बाण निघतो, मुक्कामाला पोचतो, मोहीम फत्ते. त्या बाणाच्या टोकाला असलेल्या कुंभाराचं, तेल्याचं, भटजीचं पुढे काय झालं, हे नकाशात कधीच नसायचं. लष्करी हिशेबानं नारोशंकरांचं काही चुकलं नाही, हे मी बाबांना सांगितलं. दोन सरदार दग्यानं मारल्यावर शांत बसणारा सुभेदार टिकला नसता, आणि मोक्याचं ठाणं वसवायचं तर वस्ती हवीच. बाबा म्हणाले, "ते खरं रे. पण इथल्या माणसांना कुणी विचारलं होतं का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१७८३ मध्ये राजा विक्रमजितानंही राजधानी टेहरीला, म्हणजे आजच्या टिकमगढला हलवली. महालांत राहायला कुणी उरलं नाही, म्हणून पाडायला आणि नवं बांधायलाही कुणी उरलं नाही. झाशी वाढत गेली आणि तिचा किल्ला गर्दीत बुडाला. ओरछा जिथल्या तिथं थांबलं. २०१९ मध्ये ते युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं, त्याचं एक कारण हे ओस पडणंच आहे. आपण आज तिकीट काढून जो निवांतपणा बघतो, तो कुणाच्या तरी उठून गेलेल्या घराचा आहे.

मग गाव जगलं कसं? त्याचं उत्तर संध्याकाळी मिळालं. मधुकरशाहाची राणी गणेशकुंवरीनं अयोध्येहून रामाची मूर्ती आणली. रामानं अटी घातल्या होत्या असं लोक सांगतात. फक्त पुष्य नक्षत्रावर चालेन, जिथं बसेन तिथून उठणार नाही, आणि तिथला राजा मीच असेन. राणीनं मूर्ती आपल्या महालात टेकवली आणि ती तिथंच राहिली. जिच्यासाठी चतुर्भुज मंदिर बांधलं, ती मूर्ती त्यात गेलीच नाही. म्हणून रामराजा मंदिर आजही दिसायला महालच आहे. तिथं रामाला देव म्हणून आरती आहे आणि राजा म्हणून पोलिसांची सशस्त्र सलामी. मी आयुष्यात शेकडो गार्ड ऑफ ऑनर पाहिले, काहींची तयारी स्वतः करून घेतली. इथं बंदूक पेलणारा जवान समोरच्या राजाकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर कवायतीनं येत नाही.

राजे गेले, सुभेदार आले आणि तेही गेले, आमच्यासारख्यांची तर दर दोन-तीन वर्षांनी बदली. ज्याची बदली झाली नाही असा एकच राजा इथं राहिला. त्याच्या दर्शनाला माणसं येत राहिली, म्हणून हलवाई राहिला, फुलवाला राहिला, गाव राहिलं.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते मार्चमध्ये जा. एकाच तिकिटात बरीच स्थळं होतात. सकाळी छत्र्या, दुपारी महाल, संध्याकाळी सलामी असा क्रम ठेवा. आणि वाटाडे मराठ्यांबद्दल बोलू लागले तर मध्ये तोडू नका, पूर्ण ऐकून घ्या. बाबांनी ऐकलं. परतण्याआधी ते घाटाची पायरी उतरून बेतवेत पाय सोडून बराच वेळ बसले होते. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "घाट आपल्यासारखाच आहे रे."