मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचे अंतर आणि लागणारा वेळ

कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बाबासाहेब १९१३ साली बोटीने न्यूयॉर्कला गेले, तेव्हा प्रवासात कित्येक आठवडे गेले. आज आपली मुले त्याच शहरात विमानाने शिकायला जातात. अनेकांच्या घरातला हा पहिलाच विमानप्रवास असतो, त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

मुंबई ते न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला साधारण १५ ते १६ तास लागतात. येताना वारा पाठीशी असल्याने वेळ थोडा वाचतो. दुबईमार्गे गेल्यास अंतर जेमतेम ४०० किलोमीटरने वाढते. वेळ जातो तो तिथे दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात.

ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे ऑगस्टमध्ये रात्री १ वाजता निघून १६ तास उडालात, तरी तिथे त्याच दिवसाचे सकाळचे साडेसातच वाजलेले असतील!

स्वस्त पडते म्हणून दोन टप्प्यांची दोन वेगळी तिकिटे काढू नका, असे आम्ही आग्रहाने सांगू. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. शिवाय मधल्या विमानतळावर सामान स्वतः उचलून पुन्हा जमा करावे लागू शकते, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या आणि मध्ये किमान तीन तास ठेवा.