पायाचा निरोप आणि मधला दुभाष्या

श्रोतेहो, १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामी राज्यात होता. शेतकरी बोले मराठी, अन् वरच्या कचेरीचा कारभार चाले उर्दूत. मधला दुभाष्या चुकला, की अर्थाचा अनर्थ!

वाद्यांचंही तसंच झालं, बरं का. जुन्या पायपेटीत पाय भाता हलवी. वारा थेट सुराला भिडे. तिथं दुभाष्याचं काम नव्हतं. १९८३ मध्ये 'मिडी' ही वाद्यांची सामाईक भाषा आली, अन् पाय आकड्यांत बोलू लागला. सूर लांबवणाऱ्या पायकळीचा निरोप ६४ क्रमांकाचा. त्यासोबत ० ते १२७ मधला एक आकडा जातो: ६३ पर्यंत 'सोड', ६४ पासून पुढं 'धर'.

पण समजा, त्याच कळीनं संगणकावर ध्वनिमुद्रण सुरू करायचंय, अन् तिथल्या संगीत-प्रणालीला हवा आहे एखाद्या स्वराचा निरोप. मग ती गप्पच बसते. म्हणून मध्ये एक छोटी प्रणाली बसवतात. ती एका निरोपाचा दुसरा करून पुढं धाडते. तिनं 'धर' सांगितलं अन् 'सोड' गिळलं, तर स्वर अडकून वाजतच राहतो.

तेव्हा दुभाष्यानं निम्मं बोलणं गिळू नये. हे कचेरीत खरं, अन् गाण्यातही.