बिळापासून सुरुवात

पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की पेणच्या खारेपाटातला शेतकरी आधी बांधावर फेरी मारून येतो. चिंबोरीच्या एखाद्या बिळातून पाणी झिरपताना दिसलं आणि त्याकडे काणाडोळा झाला, तर उधाणाला तिथंच बांध फुटून खांड पडते. धरमतरच्या खाडीचं पाणी भातात शिरलं की नुकसान त्या हंगामापुरतं राहत नाही; मीठ जमिनीत मुरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं पीक धड हाती लागत नाही. आपत्तीच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्यांनी या बिळापासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

कारण ते बीळ बुजवायचं कुणी, हाच या विषयाचा गाभा आहे. पूर्वी त्याचं उत्तर ठरलेलं होतं. बांधाआड जमीन कसणारे मिळून जोळ करत, जमिनीच्या मानाने घरटी माणसं घालत, बांध दुरुस्त करत. ओहोटीला उघडणाऱ्या आणि भरतीला मिटणाऱ्या उघाड्या सांभाळत. काळा रता, भुरा रता ही खार सोसणारी भातं त्यांनीच राखली. त्या व्यवस्थेत सगळं न्यायाचं होतं, असं मात्र कुणी समजू नये. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ संप चालवला, तो उगाच नव्हे. पुढे १९४८ च्या खारजमीन कायद्याने बांधांत सरकार आलं. पैसा आला, तो हवाच होता. जोळ मात्र सैल पडत गेली.

पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर प्रश्न तोच, रूप वेगळं. कातकरी आणि ठाकर इथं पिढ्यान्‌पिढ्या दळी, म्हणजे उतारावरची वनजमीन, कसतात, राब भाजून नाचणी-वरी घेतात. इंग्रजी अमदानीत दळी कसायला मिळाली, मालकी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्याची वाट उघडली. उद्या जमीन हातात राहील की नाही याची शाश्वती नसलेला माणूस उतारावर बांध कशाच्या भरवशावर घालणार? आणि त्याची वस्ती सरकारी कागदावर नीट दिसते तरी का? जुलै २०२३ मध्ये खालापुरातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

म्हणून या अभ्यासाकडे येणाऱ्या अभियंत्याने सातबारा वाचायला शिकावं आणि समाजशास्त्रज्ञाने भरती-ओहोटीचं वेळापत्रक. न सुटलेलं बरंच आहे. खांड वेळेत बांधली नाही तर पडीक शेतात कांदळवन उगवतं. ते तोडायला बंदी आहे, किनाऱ्याच्या रक्षणासाठी ते हवंही आहे. आणि सातबाऱ्यावर ती जमीन अजून भाताचीच असते. त्या शेतकऱ्याला काय सांगायचं, हे ठरवायला आम्हांला नवे सोबती हवे आहेत.