जमिनीखालचा विस्तव

दिवाळीच्या पहाटे ज्यांनी तांब्याचा बंब पेटवला आहे, त्यांना त्याची रचना समजावून सांगायला नको. मधोमध नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी. ऊब ठेवून घ्यायची आणि धूर घालवून द्यायचा, एवढीच त्या भांड्याची करामत. आता अशी कल्पना करा, की विस्तव खोलीच्या जमिनीखाली आहे आणि वर घरातली मुलेबाळे निजली आहेत. थंड मुलखांतल्या माणसांनी दोन हजार वर्षांहून अधिक काळ हीच करामत करून पाहिली. बहुतेक वेळा ती साधली. जेथे फसली, तेथे निजलेली माणसे सकाळी उठली नाहीत.

रोमन लोक या कामात मोठे तरबेज. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला त्यांचा स्थापत्यकार विट्रुव्हियस याने स्नानगृहाच्या तापत्या जमिनीची कृती लिहून ठेवली आहे. खालचा तळ भट्टीच्या तोंडाकडे उतरता हवा. इतका, की आत टाकलेला चेंडू तेथे न थांबता गडगडत परत तोंडाशी यावा. म्हणजे ज्वाळा आत सहज पसरते. त्यावर दोन फूट उंचीचे विटांचे खांब, खांबांवर मोठ्या फरश्या आणि त्यांवर वरची जमीन. पुढे भिंतीही पोकळ विटांच्या करून धुराला वरपर्यंत वाट दिली गेली. चेंडूची ती युक्ती मला फार आवडते. तिच्यासाठी कसलेही यंत्र लागत नाही.

पण धुराला वाट करून देण्याचा हा खटाटोप कशासाठी होता, हे समजायला पुढे रोमचा सम्राट झालेल्या ज्यूलियनची हकिकत ऐकावी. चौथ्या शतकात तो लुटेशियात, म्हणजे आजच्या पॅरिसात, हिवाळा काढत होता. सीन नदीत संगमरवरी लाद्यांसारखे बर्फाचे तुकडे वाहत होते. तेथील बहुतेक घरांखाली भट्ट्या असत, परंतु हा गडी विरक्त वृत्तीचा. त्याने आपली खोली तशी तापवू दिली नाही. अखेर थंडी असह्य झाली, तेव्हा थोडे निखारे तेवढे आत आणवले. थोड्याच वेळात डोके जड झाले, गुंगी आली आणि जीव गुदमरू लागला. नोकरांनी उचलून बाहेर नेले, वैद्यांनी ओकारी काढवली, म्हणून वाचला. ही फजिती त्याने स्वतःच 363 साली लिहून ठेवली आहे. जमिनीखालच्या प्रचंड भट्टीने जे केले नसते, ते खोलीतल्या चार निखाऱ्यांनी केले. दोष भिंतींतल्या दमट वाफेचा, असे त्याला वाटले. खरा अपराधी कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहूनही अधिक घट्ट चिकटतो.

रोमन साम्राज्य गेले आणि युरोपात ही विद्या बहुतेक विसरली गेली. हमामांतून ती पूर्वेकडे टिकली. काश्मीरच्या मशिदींत आणि जुन्या घरांत आजही दगडी फरशीखाली लाकडे पेटवतात आणि हिवाळ्यात मंडळी त्या फरशीवर गप्पा मारत बसतात. पण साऱ्या देशाने, गरिबाच्या झोपडीपासून राजवाड्यापर्यंत, जमिनीवरच संसार मांडला तो कोरियात. तेथल्या या जमिनीचे नाव ओन्दोल.

ओन्दोलची युक्ती अशी. स्वयंपाकघर बसत्या खोलीपेक्षा खोलगट. तेथल्या चुलीवर भात शिजतो आणि तिचाच जाळ शेजारच्या खोलीच्या जमिनीखालून पाटांसारख्या वाटांनी धावत पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो. वाटांवर सपाट दगड. चुलीजवळ जाड, दूर पातळ, म्हणजे जवळची जागा पोळत नाही आणि दूरची गारठत नाही. दगडांच्या सांधी मातीने लिंपून वर तेल प्यायलेला जाड कागद डकवायचा. चुलीकडची सर्वांत उबदार जागा वडीलधाऱ्यांची किंवा पाहुण्याची, आणि उशिरा घरी येणाऱ्याच्या भाताची वाटीही तेथेच रजईखाली ठेवायची. आपल्याकडे चुलीच्या वैलावर ताट झाकून ठेवतात ना, तसेच.

या मातीला भेग पडली तर? लाकडाचा धूर आपली चहाडी आपणच करतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, घरधनीण उठते आणि दुसऱ्या दिवशी भेग लिंपते. लाकडाचे राज्य होते तोवर जमिनीला तिचा एक पहारेकरी होता.

1950 ते 1953 च्या युद्धाने कोरिया उद्ध्वस्त झाला. डोंगर आधीच बोडके झाले होते. उरलेली झाडे वाचवायची तर लाकूड जाळून चालणार नव्हते. तेव्हा देशातल्याच दगडी कोळशाची भुकटी दाबून भोके पाडलेल्या गोल वड्या सर्रास वापरात आल्या. त्यांना यॉन्तान म्हणत. एक वडी जळत आली की तिच्यावर भोकाला भोक जुळवून दुसरी ठेवायची. स्वस्त, टिकाऊ, आणि धूर जवळजवळ नाहीच. गृहिणींना आणखी काय हवे होते! पण धूर गेला त्याबरोबर पहारेकरीही गेला. जमीन जुनीच, भेगा जुन्याच. आता त्यांतून जे वर येई ते कोणाला कळत नसे. दर हिवाळ्यात शेकडो माणसे झोपेतच गेली. वाचलेल्यांना उघड्यावर नेऊन मुळ्याच्या आंबवलेल्या लोणच्याचे गार पाणी पाजत. त्याने विष उतरत नाही, पण घरोघरी श्रद्धा तीच होती. पुढे रुग्णालयांतून दाबाखाली प्राणवायू देण्याच्या पेट्या आल्या. आपल्याकडे बंदिस्त न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरने माणूस गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेव्हा अपराधी हाच असतो.

सुटका झाली ती बंबाच्याच न्यायाने. जमिनीखालून धूर न्यायचाच कशाला? विस्तव दूर ठेवावा आणि जमिनीखाली गरम पाणी खेळवावे. अमेरिकन स्थापत्यकार फ्रँक लॉइड राइट टोकियोत असताना बॅरन ओकुरा यांच्या घरी थंडीने काकडत जेवला आणि नंतर त्यांच्या ‘कोरियन खोली’त शिरताच त्याला एकाएकी वसंत आल्यासारखे वाटले. ती ऊब तो विसरला नाही. 1937 साली विस्कॉन्सिनातल्या जेकब्ज यांच्या घरात त्याने काँक्रीटखाली नळ्या घातल्या. कोरियातही कोळशाच्या जागी हळूहळू पाण्याचे बॉयलर आले.

धातूच्या नळ्या मात्र काँक्रीटमध्ये गळू लागत, आणि गळती शोधायची म्हणजे जमीन फोडायची. प्लॅस्टिकच्या खास नळ्या आल्यावर तो घोर कमी झाला. आज जाणता कारागीर जमिनीत सांधा ठेवीतच नाही. एका फेऱ्याची नळी अखंड. खाली उष्णतारोधक थर, नाहीतर निम्मी ऊब धरणीमातेला अर्पण. काँक्रीट ओतण्यापूर्वी नळ्यांत दाबाने पाणी भरून परीक्षा. सिमेंटच्या थराला एकवीस दिवस सुकू द्यायचे आणि मग बेताबेताने तापवायचे. घाई केली की तडे. वावरायच्या जागी जमीन 29 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायची नाही. पाण्याऐवजी विजेच्या तारा असतील, तर फरशी बसवण्याआधी आणि नंतर त्यांचा रोध मोजावा, आणि गळता प्रवाह ओळखून क्षणात वीज तोडणारी कळ हवीच. बॉयलरच्या धुराड्याकडे लक्ष मात्र पूर्वीइतकेच ठेवावे लागते. तो वायू गेला आहे तो जमिनीखालून, घरातून नव्हे.

2018 साली कोरियाने ओन्दोलच्या संस्कृतीला राष्ट्रीय वारशाचा मान दिला. उंच इमारतींतल्या विसाव्या मजल्यावरही तेथे जमीनच तापवतात. मात्र सोलच्या टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांत कोळशाच्या वड्या अलीकडच्या वर्षांपर्यंत जळत राहिल्या. हिवाळ्याच्या तोंडावर स्वयंसेवक अरुंद चढणीवर रांग धरून उभे राहतात आणि साडेतीन किलोची एकेक वडी हातोहात वर, एखाद्या म्हातारीच्या दारापर्यंत, पोचवतात.