‘टायगर मॉथ’ व त्याचे धनी

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें प्रथम कागद उभा राहतो. बखर, सनद, ताम्रपट, फार तर एखादें नाणें. यांपलीकडे जाण्याची संवय आम्हां अध्यापकांस सहसा नसते. परंतु विसाव्या शतकाच्या इतिहासाचा पुष्कळसा भाग यंत्रांत लिहिलेला आहे, आणि यंत्राचा गुण असा कीं, तें चालूं लागल्यावांचून त्यांतील मजकूर पुरता उमगत नाहीं. कपाटांतील पोथी वाचतां येते. छपराला टांगलेलें विमान केवळ पाहतां येतें. यामुळें एक प्रश्न उत्पन्न होतो. जुनें, दुर्मिळ होत चाललेलें लष्करी विमान ज्याच्या मालकीचें आहे, त्यानें तें उडवावें कीं जपून ठेवावें? प्रश्न वरवर हौसेचा दिसतो, पण त्यांत माणसांचे प्राण गुंतलेले आहेत. तो येथें आम्ही ‘टायगर मॉथ’ या एकाच विमानाच्या निमित्तानें विचारांत घेणार आहों.

इंग्लंडांतील द हॅविलँड कंपनीनें १९२५ सालीं ‘मॉथ’ नांवाचें हलकें, दुमजली पंखांचें विमान काढलें व तें हौशी वैमानिकांच्या लौकरच पसंतीस उतरलें. ब्रिटिश हवाई दलास नवशिक्यांकरितां असेंच विमान हवें होतें. पण एक अडचण होती. शिक्षक पुढच्या बैठकीवर बसे. त्याच्या डोक्यावर वरचा पंख, पंखाच्या मध्यभागीं पेट्रोलची टांकी, सभोंवतीं तारा व खांब. हवाई छत्री बांधलेल्या मनुष्यास संकटकाळीं त्या पिंजऱ्यांतून बाहेर पडणें दुर्घट होतें. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढें सरकविण्यांत आला. तो पुढें जातांच विमानाचा तोल बिघडला, आणि तोल सावरण्यासाठीं पंखांचीं टोंकें मागें झुकवावीं लागलीं. हें सुधारलेलें विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजीं लंडनजवळील स्टॅग लेन येथें ह्यूबर्ट ब्रॉड यानें प्रथम उडविलें. पंखांचा तो मागें कललेला बांक पुढें ‘टायगर मॉथ’ची ओळख होऊन बसला. पाहणारास त्यांत वेगाचा डौल दिसतो. खरें कारण एवढेंच कीं, अडचणींत सांपडलेल्या एका शिक्षकास उडी टाकतां यावी.

या विमानाची घडण सांगूं लागल्यास गाडीच्या कारखान्यापेक्षां सुताराच्या व शिंप्याच्या दुकानाचीच आठवण अधिक होते. धड पोलादी नळ्यांचें, पंख स्प्रूस लांकडाचे, त्यांवर लिननचें कापड आणि कापडावर ‘डोप’ नांवाचें रोगण. हें रोगण सुकतांना कापड ढोलकीच्या पानासारखें ताणून धरतें. पुढें १३० अश्वशक्तीचें ‘जिप्सी मेजर’ इंजिन. तें सुरू करण्यास विजेची कळ नाहीं. कोणीतरी समोर उभें राहून पंखा हातानें फिरवावा लागतो. चाकांस ब्रेक नाहींत आणि शेपटीखालीं चाकाऐवजीं एक घसरती पट्टी. जमिनीवर चालतांना नाक उंच राहत असल्यानें समोरचें कांहींच दिसत नाहीं. म्हणून वैमानिक नागमोडी वळणें घेत, डाव्या-उजव्या बाजूस डोकावत पुढें जातो. शिक्षक व शिकाऊ यांचें संभाषण रबरी नळींतून चाले. ज्या शाळेंत ही युक्ति पहिल्या महायुद्धांत रूढ झाली त्या गॉस्पोर्ट गांवाचें नांव त्या नळीस मिळालें. या नळींतून बोलणें बहुधा एकाच बाजूनें होत असावें, असा आमचा अध्यापकी तर्क आहे.

आतां या विमानाच्या स्वभावाकडे वळूं. कारण तें इतकीं वर्षें गुरु म्हणून टिकलें तें त्या स्वभावामुळें. नवशिक्याच्या ढोबळ चुका तें पोटांत घालतें, पण बारीक चुका लपवीत नाहीं. वळण घेण्यासाठीं नुसती हातांतील दांडी एका बाजूस कलवली, तर नाक प्रथम उलट दिशेस ओढलें जातें. पायांनीं सुकाणूची जोड वेळींच द्यावी, तेव्हां कोठें वळण साफ होतें. हातापायांचा असा मेळ बसविल्यावांचून या विमानांत सुखानें बसतांच येत नाहीं. पुढें निघालेल्या गुळगुळीत स्वभावाच्या विमानांनीं ही शिस्त सैल केली, असें जुने वैमानिक म्हणतात. आम्हांस यांतील तंत्राचा अनुभव नाहीं. परंतु जो शिक्षक विद्यार्थ्याची चूक झांकून टाकतो तो त्याचें हित करीत नाहीं, हें वर्गांतही खरें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत या विमानास मोठा बहर आला. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड मिळून ८,००० हून अधिक ‘टायगर मॉथ’ तयार झालीं आणि साम्राज्यांतील हजारों तरुणांनीं आकाशाचा श्रीगणेशा त्यांवर गिरविला. हिंदुस्थानांत हैदराबादजवळील बेगमपेठ व जोधपूर येथील प्राथमिक शाळांतून आमचेही तरुण याच विमानावर शिकले. १९४० च्या उन्हाळ्यांत, जर्मन सैन्य इंग्लंडांत उतरणार अशी धास्ती असतां, या गरीब शिकवणी-विमानावर नाना प्रयोग झाले. त्याच्या पोटाखालीं लहान बाँब टांगून पाहिले. उतरणाऱ्या शत्रूच्या छत्र्या कापण्यासाठीं विळ्यासारखें पातें बसवून पाहिलें. विषारी भुकटी फवारण्याचाही विचार झाला. सुदैवानें यांतील एकही शस्त्र वापरण्याची पाळी आली नाहीं. त्यापूर्वींच्या दशकांत याच वंशांतील ‘क्वीन बी’ नांवाचें बिनमाणसाचें विमान तोफखान्याच्या सरावासाठीं बिनतारी यंत्रानें चालविलें जात असे. आज ज्यास सर्व जग ‘ड्रोन’, म्हणजे नर मधमाशी, म्हणतें, तें नांव या राणीमाशीवरूनच पडलें असावें, असें पुष्कळांचें मत आहे.

युद्ध संपलें आणि हवाई दलांस इतक्या विमानांचें करावयाचें काय हा प्रश्न पडला. तीं मातीमोलानें विकलीं गेलीं. फ्लाइंग क्लबांनीं घेतलीं, शेतकऱ्यांच्या उपयोगीं पडलीं. न्यूझीलंडांत १९४९ पासून डोंगराळ कुरणांवर खत टाकण्याचें काम त्यांनीं केलें. कांहीं पडलीं, कांहीं जाळलीं, कांहीं गोठ्यांत कुजलीं. जी वस्तु हजारांनीं होती तिची किंमत कोणास वाटली नाहीं. शेंकड्यांवर आल्यावर मात्र वाटूं लागली. पेशव्यांच्या दप्तरखान्यांतील कागदांचेंही असेंच झालें होतें, म्हणून या बाबतींत युरोपियनांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

आज ज्याच्यापाशीं असें विमान आहे, तो त्याचा मालक कीं सेवक, हें ठरविणें कठीण. कापड कांहीं वर्षांनीं उसवून नवें चढवावें लागतें. लांकडांतील सरसाचे सांधे ओलाव्यानें सुटतात. तारांचा ताण वारंवार तपासावा लागतो. दुरुस्ती करतां करतां मूळचें लांकूड, मूळचें कापड, मूळचें इंजिन यांपैकीं फार थोडें शिल्लक राहतें. मग हें विमान १९३९ चें कसें? आमच्या मतें हा प्रश्न वाटतो तितका बिकट नाहीं. जीर्णोद्धार झालेल्या देवळास आम्ही नवें देऊळ म्हणत नाहीं. पूजा अखंड चालली असेल तर देऊळ तेंच. विमानाची अखंडता त्याच्या नोंदवहींत असते. कोणता भाग केव्हां काढला, कोणता घातला, कोणीं सही केली, याचा तुटक न झालेला लेख हाच त्याचा वंशवृक्ष होय.

परंतु नव्या भागांत धोकाही असतो. १६ डिसेंबर १९१३ नव्हे, तर १०० वर्षांनंतर त्याच तारखेस, म्हणजे २०१३ सालीं, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ साउथ स्ट्रॅडब्रोक बेटानजीक एक ‘टायगर मॉथ’ आकाशांतच मोडलें आणि त्यांतील दोघेही मृत्यु पावले. खालच्या दोन पंखांस धडाच्या आरपार बांधून ठेवणाऱ्या पोलादी सळया तुटल्या होत्या. सळया मूळच्या नव्हत्या, मागाहून तयार केलेल्या होत्या. त्यांच्या आट्यांत थकव्याच्या भेगा अगोदरच पडलेल्या चौकशींत आढळल्या. हें वाचून ‘उडवूं नये’ असें म्हणणारांचा पक्ष बळावतो, आणि तो पक्ष पोरकट नाहीं. संग्रहालयांत ठेविलेल्या विमानानें कोणाचा जीव घेतलेला नाहीं.

तरीही सरसकट बंदी आम्हांस मान्य नाहीं. ज्या जातीचीं पुष्कळ विमानें उरलीं आहेत, त्यांपैकीं कांहीं उडालींच पाहिजेत. नाहीं तर कापड चढविणारे, तारा जुळविणारे, हातानें पंखा फिरविणारे हात नाहींसे होतील, आणि ती विद्या पुस्तकांतून परत मिळणार नाहीं. ज्या जातीचें एकच उरलें आहे तें मात्र जमिनीवर राहावें. कोणाच्या हौसेसाठीं एकुलती एक पोथी पणाला लावूं नये. आणि जें उडवावयाचें, त्यांत बसणारास त्याच्या सळयांचें वय ठाऊक असावें.

आमच्या हवाई दलानें इंग्लंडांत दुरुस्त करविलेलें एक ‘टायगर मॉथ’ ८ ऑक्टोबर २०१२ रोजीं हिंडन येथें, दलाच्या ऐंशीव्या वर्धापनदिनीं, उडविलें, हें योग्यच झालें. पण ज्या विमानानें आमच्या देशांत ‘टायगर मॉथ’ची जागा घेतली त्याची आठवण कितीजणांस आहे? कोल्हापूरकडील हसूरचंपू गांवचे डॉ. विष्णु माधव घाटगे ग्यॉटिंगेन येथें लुड्विग प्रांट्ल यांच्यापाशीं शिकून आले आणि बंगलोरच्या कारखान्यांत त्यांनीं एच्. टी.–२ या शिकवणी-विमानाची आंखणी केली. ऑगस्ट १९५१ मध्यें तें प्रथम उडालें. संपूर्ण धातूचें, खालीं एकच पंख, १५५ अश्वशक्तीचें. घाना देशाच्या हवाई दलानेंही तें घेतलें. बंगलोरच्या संग्रहालयांत तें उभें असलेलें पाहावयास मिळतें. त्यावर पहिले धडे गिरविलेले वैमानिक आज वृद्ध झाले आहेत. वळणांत त्याचें नाक कोणीकडे ओढलें जाई, उतरतांना पाय कसे ठेवावे लागत, गिरकींतून तें कसें सांवरे, हें त्यांच्या तोंडून उतरून घेण्यास विमानाचीही गरज नाहीं, इंधनाचीही नाहीं. एक वही आणि कांहीं दुपारी पुरेत.